न झालेल्या गोलांचा हिशेब : उवे क्रुप या जर्मन बचावपटूची कहाणी

१/
मायामी शहर, १० जून १९९६ ची रात्र. घड्याळात मध्यरात्र उलटली, तारीख अकरा झाली, तरी बर्फावरचा सामना संपलेला नाही. साठ मिनिटांचा नियमित खेळ झाला, वीस-वीस मिनिटांची दोन जादा सत्रे झाली आणि धावफलक अजूनही ०-० दाखवतो आहे. तिसऱ्या जादा सत्राची ४ मिनिटे ३१ सेकंद उलटतात आणि जर्मनीच्या कोलोन शहरातला एक धिप्पाड बचावपटू निळ्या रेषेजवळून पक टोलावतो. दुसऱ्याच क्षणी शंभर वर्षांहून जुना चषक त्याच्या संघाचा झालेला असतो. त्याचे नाव उवे क्रुप. हा धागा त्या एका फटक्याचा आहेच. पण त्याहून अधिक तो त्या फटक्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचा आहे.

२/
प्रथम खेळाविषयी थोडेसे. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात : एक गोलरक्षक, तीन आघाडीपटू आणि दोन बचावपटू. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. खेळ वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. बाद फेरीत बरोबरी झाली, तर पूर्ण वीस मिनिटांची जादा सत्रे खेळवली जातात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. गोल होईपर्यंत सुटका नाही. त्यामुळे अशा सामन्यांत कौशल्याइतकीच कसोटी लागते ती पायांतल्या आणि फुप्फुसांतल्या ताकदीची.

३/
या खेळातल्या बचावपटूचे काम विचित्र आहे. आघाडीपटूचे यश मोजता येते, कारण गोल ही घडलेली घटना असते. बचावपटूचे यश मात्र न घडलेल्या घटनांत असते. त्याने अडवलेली वाट, प्रतिस्पर्ध्याला रिंकच्या कडेला ढकलून निष्प्रभ केलेली चढाई, गोलरक्षकाला दिसावे म्हणून जाळ्यासमोरून हटवलेला माणूस यांपैकी कशालाच धावफलकावर जागा नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. लढलेल्या लढाईची बखर लिहिली जाते. टळलेल्या लढाईची नोंद सहसा कुणी ठेवत नाही.

४/
उवे क्रुपचा जन्म २४ जून १९६५ रोजी कोलोनमध्ये झाला. राइन नदीकाठचे हे शहर तेव्हा पश्चिम जर्मनीत होते. पश्चिम जर्मनीचा जीव फुटबॉलमध्ये गुंतलेला. आइस हॉकीची मुळे होती ती प्रामुख्याने दक्षिणेत, बव्हेरियातल्या डोंगराळ गावांत. कोलोनसारख्या सपाटीवरच्या मोठ्या शहरात हा खेळ नवखाच म्हणायचा. ज्या क्लबने क्रुपला घडवले, त्या कोल्नर ई.सी.ची स्थापना १९७२ ची. म्हणजे खेळाडूच क्लबपेक्षा सात वर्षांनी मोठा! लोक या संघाला प्रेमाने ‘हाये’, म्हणजे शार्क मासे, म्हणत.

५/
क्रुप दहा वर्षांचा असताना एक आक्रीत घडले. १९७६ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीने अमेरिकेला ४-१ असे हरवले. अमेरिका, फिनलंड आणि पश्चिम जर्मनी या तिघांचे गुण सारखे झाले. निकाल गोलांच्या गुणोत्तरावर लागला आणि कांस्यपदक जर्मनांना मिळाले. अपूर्णांकातल्या फरकाने मिळालेले ते पदक पुढे कितीतरी वर्षे जर्मन आइस हॉकीची एकमेव मोठी ठेव होऊन राहिले. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या आठवणीवर गुजराण केली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

६/
त्या कांस्यविजेत्या संघात उडो कीसलिंग नावाचा एक तरुण बचावपटू होता. जन्म पूर्व जर्मनीतल्या क्रिमित्शाउचा. बालपणीच पश्चिमेकडे आलेला. पुढे तो पाच ऑलिंपिक खेळला. मार्च १९८२ मध्ये मिनेसोटा नॉर्थ स्टार्स या संघाने त्याला आपल्याकडून उतरवले आणि जर्मनीत घडलेला पहिला खेळाडू उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, खेळला. किती सामने? फक्त एक. दार किलकिले झाले आणि लगेच मिटले. कीसलिंग मायदेशी परतला आणि पुढे कोलोनच्या संघात क्रुपचा सहकारी झाला.

७/
ते दार इतके जड का होते? त्या काळी एनएचएल म्हणजे मुख्यत्वे कॅनडाच्या खेळाडूंची मिरासदारी. स्वीडन, फिनलंड आणि चेकोस्लोव्हाकिया येथून काही खेळाडू येऊ लागले होते. पण युरोपातले खेळाडू नाजूक असतात, ते अंगावरचा खेळ सोसू शकत नाहीत, हा समज पक्का रुजलेला होता. त्यातही जर्मनीकडे कुणी खेळाडूंची खाण म्हणून पाहत नव्हते. जर्मन बचावपटू ही तर तिथल्या निवडकर्त्यांच्या दृष्टीने जवळजवळ अनोळखी वस्तू होती.

८/
१९८३ चा ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंवरील हक्क संघांनी पाळीपाळीने निवडायचे. त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर पॅट लाफाँटेन, चौथ्यावर स्टीव्ह आयझरमन निवडले गेले. सोव्हिएत संघाचा महान गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याच्यावरही मॉन्ट्रियलने हक्क सांगितला. पण मॉस्कोने त्याला कधीच सोडले नाही. आणि अकराव्या फेरीत, एकंदर २१४ व्या क्रमांकावर, बफेलो सेबर्सने सतरा वर्षांच्या उवे क्रुपचे नाव घेतले. इतक्या खालच्या फेरीतली निवड म्हणजे अंधारात मारलेला खडा. लागला तर लागला.

९/
हा खडा मारणारे गृहस्थ मात्र साधे नव्हते. बफेलोची सूत्रे तेव्हा स्कॉटी बोमन यांच्या हाती होती. सत्तरच्या दशकात मॉन्ट्रियलला चषकांमागून चषक जिंकून देणारे, या खेळाच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक. १.९८ मीटर उंचीचा, लांब हातांचा, तरीही स्केट्सवर बोजड न वाटणारा हा मुलगा त्यांच्या यादीत आला. वाचकांनी बोमन हे नाव लक्षात ठेवावे. कथेच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

१०/
क्रुपने घाई केली नाही. कोलोनकडून खेळत त्याने १९८४ आणि १९८६ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि मगच, १९८६ च्या हिवाळी हंगामासाठी, अटलांटिक ओलांडला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मायदेशात तो विजेत्या संघाचा नावाजलेला खेळाडू होता. बफेलोत मात्र तो अकराव्या फेरीतला एक परका. भाषा वेगळी, खेळ वेगळा, आणि ज्याच्याकडे पाहून वाट विचारावी असा स्वतःच्या देशाचा एकही माणूस त्या लीगमध्ये नाही.

११/
‘खेळ वेगळा’ हे केवळ बोलण्यापुरते नाही. त्याला भूमितीचा आधार आहे. युरोपातली रिंक साधारण ३० मीटर रुंद असे, तर उत्तर अमेरिकेतली ८५ फूट, म्हणजे जेमतेम २६ मीटर. बफेलोचे जुने सभागृह तर नेहमीच्या मापापेक्षाही आखूड होते. जागा कमी म्हणजे विचाराला वेळ कमी. युरोपात पक मिळाल्यावर बचावपटूला मान वर करून पाहता येई. इथे मान वर करेपर्यंत कुणीतरी अंगावर आदळलेले असे. क्रुपला तोच खेळ नव्याने शिकावा लागला.

१२/
तो शिकला. मैदानावर टिकून राहणे हेच पहिल्या काही हंगामांतले त्याचे यश होते. उंचीमुळे त्याची काठी दूरवर पोहोचे. प्रतिस्पर्ध्याला वाटे की वाट मोकळी आहे आणि नेमकी तिथे काठी आलेली असे. हळूहळू निळ्या रेषेवरून मारलेल्या त्याच्या जोरकस फटक्यांचीही दखल घेतली जाऊ लागली. जानेवारी १९९१ मध्ये शिकागोत झालेल्या ऑल-स्टार सामन्यात तो खेळला. जर्मन हॉकीच्या मुशीतून घडलेल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. २१४ व्या क्रमांकाचा खडा नेमका लागला होता.

१३/
व्यावसायिक खेळात मात्र मान आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये बफेलोने एक मोठा सौदा केला. त्यात पिएर टर्जन आणि इतर दोन सहकाऱ्यांसह क्रुपची रवानगी न्यूयॉर्क आयलँडर्सकडे झाली. बदल्यात बफेलोला कोण मिळाला? पॅट लाफाँटेन. तोच, १९८३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला. आठ वर्षांपूर्वी ज्या दोघांच्या क्रमांकांत दोनशेहून अधिक नावांचे अंतर होते, ते आता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले होते.

१४/
याच सुमारास जर्मन हॉकीच्या वाट्याला आलेला एक क्षण इथे सांगितलाच पाहिजे. फेब्रुवारी १९९२, आल्बर्टव्हिल ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी. समोर कॅनडा. ३-३ बरोबरीनंतर सामना पेनल्टी फटक्यांवर गेला. जर्मनीच्या पीटर ड्राईसाइटलचा फटका कॅनडाच्या गोलरक्षकाच्या पॅडना लागून मागे निसटला, गोलरेषेकडे घरंगळत गेला आणि नेमका रेषेवर येऊन आडवा पडला. रेषा ओलांडली नाही. जर्मनी हरली. क्रुप त्या वेळी आपल्या क्लबच्या हंगामात अडकलेला होता. रेषेवर विसावलेली ती पक जर्मन हॉकीचे जणू बोधचिन्हच झाली : इथवर पोहोचतो, पुढे जात नाही.

१५/
१९९३ मध्ये आयलँडर्सनी सलग दोन वर्षे विजेत्या ठरलेल्या पिट्सबर्गला सातव्या, निर्णायक सामन्याच्या जादा वेळेत हरवून खळबळ उडवली. क्रुप त्या संघाच्या बचावाचा एक खांब होता. पण पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलने त्यांना रोखले. १९९४ मध्ये पुन्हा सौदा झाला आणि तो क्वेबेक नॉर्डिक्सकडे गेला. फ्रेंच भाषक शहराचा हा लाडका संघ गुणवान होता, पण आर्थिकदृष्ट्या मेटाकुटीला आलेला. १९९५ च्या उन्हाळ्यात संघच विकला गेला आणि डेन्व्हरला हलला. नवे नाव : कोलोरॅडो ॲव्हलांच. ॲव्हलांच म्हणजे हिमस्खलन.

१६/
ऑक्टोबर १९९५. डेन्व्हरमध्ये नव्या संघाचा पहिलाच सामना, समोर डेट्रॉइट. आणि त्याच सामन्यात क्रुपच्या गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध फाटला. स्केटिंग करणाऱ्याचा सारा भार, प्रत्येक वळण, प्रत्येक थांबणे गुडघ्यावर तोललेले असते. त्या काळी अशी दुखापत म्हणजे हंगाम संपल्यात जमा. वय तीस. अनेकांची कारकीर्द याच वळणावर, कसलाही निरोप-समारंभ न होता, संपते. योगायोग पाहा : त्याच महिन्यात कोलोन शहरात पीटर ड्राईसाइटलच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव लिओन. तोही पुढे या कथेत येईल.

१७/
क्रुप खेळाबाहेर असताना संघाचे रूप पालटत होते. डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलचा गोलरक्षक पॅट्रिक रुआ आपल्या संघाशी बिनसल्यावर कोलोरॅडोत आला. जो सॅकिक आणि पीटर फोर्सबर्ग आघाडीवर तळपत होते. हे सारे घडत असताना सहा महिने क्रुप व्यायामशाळेत एका गुडघ्याची मनधरणी करत होता. एप्रिलमध्ये, नियमित हंगाम सरता सरता, तो परतला. ८२ सामन्यांच्या हंगामात त्याच्या नावावर अवघे ६ सामने लागले. पण बाद फेरी अजून उरली होती.

१८/
कोलोरॅडोने व्हँकुव्हर आणि शिकागो यांना नमवले. मग समोर आला डेट्रॉइट. त्या हंगामात ६२ सामने जिंकण्याचा विक्रम केलेला संघ. आणि त्याचे प्रशिक्षक कोण? स्कॉटी बोमन. ज्यांनी क्रुपला २१४ व्या क्रमांकावर उचलले, त्यांच्याच संघाला हरवून क्रुप अंतिम फेरीत पोहोचला. तिथे गाठ होती फ्लोरिडा पँथर्सशी. हा संघ अवघ्या तीन हंगामांचा; पण प्रतिस्पर्ध्याला जखडून ठेवणारा आणि चिवट.

१९/
फ्लोरिडाच्या त्या हंगामाला एक मजेदार दंतकथा चिकटली होती. पहिल्या घरच्या सामन्याआधी स्कॉट मेलनबीने कपडे बदलण्याच्या खोलीत शिरलेल्या उंदराला काठीने मारले आणि मग त्याच सामन्यात दोन गोल केले. तेव्हापासून गोल झाला की प्रेक्षक बर्फावर प्लॅस्टिकचे उंदीर फेकू लागले. १० जूनच्या रात्रीही लोक खिशात उंदीर घेऊन आले होते. कोलोरॅडोने पहिले तीन सामने जिंकले होते. हा चौथा. उंदीर फेकण्याची वेळ काही येईना, कारण दोन्ही गोलरक्षक गोल होऊ देईनात.

२०/
पॅट्रिक रुआने त्या रात्री ६३ फटके अडवले. समोरच्या जॉन व्हॅनबीसब्रुकने ५५. तब्बल १०४ मिनिटे बर्फावर माणसे धावत, आदळत, पडत होती. जसजसा वेळ जातो, तसतसा बर्फ खरवडला जातो, पक उडू लागते, पाय शिशाचे होतात. बचावपटूची खरी परीक्षा इथे असते. आघाडीपटूला एक चूक परवडते. बचावपटूची एक चूक म्हणजे सामना संपला. आठ महिन्यांपूर्वी गुडघा फाटलेला तीस वर्षांचा माणूस तिसऱ्या जादा सत्रात बर्फावर होता.

२१/
मग ते घडले. उजव्या बाजूने निळ्या रेषेजवळ पक त्याच्याकडे आली. त्याने काठी मागे नेली आणि मारली. समोर खेळाडूंची गर्दी. व्हॅनबीसब्रुकला बहुधा फटका उशिरा दिसला. पक त्याला चुकवून जाळ्यात. १-०. एकाच गोलाने सामना, मालिका आणि स्टॅन्ले चषक असे तिन्ही निकाल लागले. कोलोरॅडो राज्याला मोठ्या व्यावसायिक खेळातले हे पहिलेच विजेतेपद. पक रेषेवर थांबली नव्हती. या वेळी ती रेषेपलीकडे गेली होती.

२२/
स्टॅन्ले चषकाचे वैशिष्ट्य असे की तो विजेत्यांना नवा करून दिला जात नाही. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ मध्ये दिलेला हा चषक १८९३ पासून हातोहाती फिरतो आहे आणि विजेत्यांची नावे त्यावर एकेक अक्षर ठोकून कोरली जातात. एका अर्थाने तो शिलालेखच. फक्त दगडाऐवजी चांदीचा. १९९६ च्या रकान्यात ‘उवे क्रुप’ ही अक्षरे उमटली. जर्मनीच्या रिंकवर वाढलेल्या खेळाडूचे नाव त्या चांदीवर पहिल्यांदाच आले.

२३/
कथा इथे संपवली तर ती सुंदर दिसेल, पण ती खरी राहणार नाही. १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला चार वर्षांच्या घसघशीत करारावर घेतले. २२ सामने होतात न होतात तोच पाठीने दगा दिला. पाठोपाठ वाद उभा राहिला : दुखापतग्रस्त असताना तो कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यतींत उतरला, असा क्लबचा आक्षेप होता. वेतन थांबले, प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि खेळायची उरलीसुरली वर्षे कागदपत्रांत सरली. ज्या माणसाचा गोल लोकांना तोंडपाठ होता, त्याचे नाव आता खटल्याच्या बातम्यांत येऊ लागले.

२४/
२००१-०२ मध्ये तो परतला; नियमित हंगामात केवळ ८ सामने खेळू शकला. त्या वर्षी डेट्रॉइटने स्टॅन्ले चषक जिंकला. कर्णधार होता आयझरमन, १९८३ च्या ड्राफ्टमधला चौथा. प्रशिक्षक होते बोमन. त्या विजयानंतर ते निवृत्त झाले. बोमन यांच्या यादीतून सुरू झालेला प्रवास बोमन यांच्याच शेवटच्या संघात पोहोचला होता. पण नाव कोरले जाण्यासाठी पुरेसे सामने लागतात आणि ते क्रुपकडे नव्हते. २००२ च्या रकान्यात त्याचे नाव नाही. शिलालेख जे सांगतो तेवढेच खरे मानणाऱ्याला तो त्या संघात होता हे कळणारही नाही.

२५/
२००२-०३ मध्ये अटलांटाकडून ४ सामने खेळून तो थांबला. एकूण नोंद अशी : ७२९ सामने, ६९ गोल, २१२ सहाय्य. ही आकडेवारी चांगली आहे, दिपवणारी नाही. या ७२९ सामन्यांत त्याने किती गोल होऊ दिले नाहीत, हे सांगणारा रकाना मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. बचावपटू बर्फावर असताना झालेल्या आणि खाल्लेल्या गोलांची वजाबाकी ठेवतात, पण तीही सावली मोजून माणसाची उंची ठरवण्यासारखीच. आपल्याला त्याचा एक गोल आठवतो, कारण तेवढाच एक पुरावा ठळक आहे.

२६/
पुढचा अध्याय वेगळ्या भूमिकेतला. जर्मन राष्ट्रीय संघ २००५ मध्ये जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातून घसरला. त्या पडत्या काळात क्रुप प्रशिक्षक झाला आणि २००६ मध्येच संघाला पुन्हा वर घेऊन आला. ७ मे २०१० रोजी गेल्सेनकिर्शेनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बर्फ घातला गेला आणि ७७,८०३ प्रेक्षकांसमोर जर्मनीने अमेरिकेला जादा वेळेत २-१ असे हरवले. फुटबॉलवेड्या देशात, फुटबॉलच्या मंदिरात, आइस हॉकीसाठी जमलेली ती गर्दी हाच एक निकाल होता.

२७/
त्या स्पर्धेची उपांत्य फेरी कोलोनमध्ये झाली, क्रुपच्याच शहरात. समोर ओव्हेच्किन, माल्किन, दात्स्युक यांचा रशिया. जर्मनीने आधी गोल केला, रशियाने बरोबरी साधली आणि शेवटची दोन मिनिटेही उरली नसताना दात्स्युकने सामना हिरावला. जर्मनी चौथी आली. १९५३ नंतरची तिची सर्वोत्तम कामगिरी. पुढच्या वर्षी ब्रातिस्लाव्हात याच संघाने रशियाला २-० असे नमवले. त्या संघांच्या खेळात चमक बेताची असेल. चिकाटी मात्र भरपूर होती. बचावपटूने घडवलेला संघ बहुधा असाच असतो.

२८/
आणि वारसा? २०११ मध्ये बोस्टनच्या विजयी संघातून डेनिस झायडेनबर्ग याचे नाव स्टॅन्ले चषकावर गेले. तोही जर्मन, तोही बचावपटू. २०१८ च्या प्योंगचँग ऑलिंपिकमध्ये जर्मनीने स्वीडन आणि कॅनडाला हरवले. अंतिम सामन्यात एक मिनिटाहून कमी वेळ उरेपर्यंत आघाडी राखली आणि जादा वेळेत रौप्यावर समाधान मानले. त्या संघाच्या बचावफळीत ब्योर्न क्रुप होता, उवेचा मुलगा. तो जन्मला बफेलोत, खेळला वडिलांच्या देशासाठी. ड्राईसाइटलांचा लिओन २०२० मध्ये एनएचएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, तर २०२२ मध्ये मोरिट्झ झायडर हा तरुण बचावपटू सर्वोत्तम नवोदित. एका सामन्यापुरते किलकिले झालेले दार आता सताड उघडे आहे.

२९/
मे २०१७ मध्ये उवे क्रुपचा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या सन्मान-दालनात समावेश झाला. सोहळा कोलोनमध्येच होता आणि त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत जो सॅकिकही होता. १९९६ चा कर्णधार. मायामीतल्या त्या रात्री ज्याच्या हाती चषक प्रथम आला, तो एकवीस वर्षांनी क्रुपच्या गावी त्याच्या शेजारी उभा होता.

३०/
इतिहास वाचताना आपली नजर ठळक तारखांवर जाते. ११ जून १९९६ ही तशीच तारीख. पण तिच्या अलीकडे रेषेवर थांबलेली एक पक आहे, एका सामन्याची कीसलिंगची कारकीर्द आहे, व्यायामशाळेतले मूक सहा महिने आहेत. आणि पलीकडे एक न कोरलेले नाव आहे. ठळक तारीख या सगळ्यावर उभी असते. बचावपटू उभा असतो म्हणून बाकीच्यांना पुढे जाता येते. चांदीवरची अक्षरे अवश्य वाचावीत. मात्र ज्यांनी काही घडू दिले नाही म्हणून ती अक्षरे उमटली, त्यांनाही शोधावे. इतिहासाच्या वाचकाचे काम तिथून सुरू होते.

(धागा समाप्त)